नावाचं कडवं

आमच्या राजुरीच्या गायन पार्टीची एक रीत आहे. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ते गाणं रचणाऱ्याचं नाव येतं, आणि रचणारा समोर मंडळीत बसलेला असेल, तर नाव यायच्या आधी तो उठून उभा राहतो. हात जोडतो. कडवं संपेपर्यंत उभाच राहतो, मंडळी त्याला जयभीम करतात, मग तो खाली बसतो. हारतुरे नाहीत, शाल-नारळ नाही. एवढाच काय तो मान. त्या कडव्याला आमच्यात नावाचं कडवं म्हणतात.

माझ्या आजोबांचं नाव नानासाहेब डोळस. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं. पन्नास वर्षं त्यांनी गवंडीकाम केलं. शाळा दुसरीपर्यंत. सही येते, पण एकेक अक्षर वीट ठेवल्यासारखं सावकाश ठेवतात. त्यामुळं त्यांची गाणी कागदावर कधी उतरलीच नाहीत. भिंत चढत जायची तसं गाणं डोक्यात चढत जायचं, आणि संध्याकाळी घरी आल्यावर ते द्रौपदा आत्याला म्हणून दाखवायचे. तिनं पाठ करायचं. आत्या म्हणजे त्यांची थोरली लेक. तिला आणे गावात दिली, तरी पार्टीची मुख्य गाणारी तीच राहिली. नानांचा आवाज म्हणजे पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा, हे नाना स्वतःच सांगायचे.

मी लहान असताना त्यांना एकदा विचारलं होतं, की एवढी घरं बांधलीत, मग एखाद्या घरावर तुमचं नाव का नाही? ते म्हणाले, "घरावर मालकाचं नाव असतंय, पोरी. गवंडी काम उरकतो आन निघून जातो. गानं तेवढं माझं हाय. त्यातनं मला कोन काढीत न्हाई."

हे मला माहीत होतं. पुढं जे झालं ते अजाणतेपणी झालं असं म्हणायची सोय मला नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते.

बारावीनंतर मी पुण्याला संगीताच्या कॉलेजात गेले. गावात अजून लोकांना वाटतं, मी तिकडं गायला शिकत होते. "यशोधरा, म्हण की एखादं," असं म्हणतात आणि मी नाही म्हटलं की शहाणी झाली म्हणतात. मी शिकत होते ते वेगळंच. माईक कुठं ठेवायचा, आवाज साफ कसा करायचा, गाणं लोकांपर्यंत कसं पोचवायचं, करार कसा वाचायचा. गाण्याच्या हक्कांवर तर एक अख्खा पेपर होता आणि त्यात वर्गात सगळ्यात जास्त मार्क मला होते. हे सांगताना हसू यावं, पण येत नाही.

शेवटच्या वर्षी प्रत्येकानं एक गाणं करायचं होतं. ध्वनिमुद्रणापासून कागदपत्रांपर्यंत सगळं आपलं आपण. गाणं तीन मिनिटांच्या आत बसलं पाहिजे, हा नियम. कॉलेज ती गाणी आपल्या नावानं सगळ्या ॲपवर टाकणार होतं, आणि मुंबईचा एक मोठा स्टुडिओ त्यातल्या दोघांना वर्षभराच्या कामावर घेणार होता. मला ती जागा हवी होती. फार हवी होती. तीन वर्षं कॉट बेसिसवर राहून, मेसचं पातळ वरण खाऊन, परत येऊन मला मिरवणुकीतल्या डीजेच्या वायरी जोडायच्या नव्हत्या.

वर्गातल्या बाकीच्यांनी प्रेमभंगाची गाणी घेतली. मी नानांचं ओळंब्याचं गाणं घेतलं. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं लोखंडी वजन. गवंडी ते वरून खाली सोडतो आणि भिंत सरळ चढली की नाही ते बघतो. नानांच्या गाण्यात बाबासाहेबांनी आपल्या हातात ती दोरी दिली आहे आणि आता आपली भिंत आपण तपासायची आहे.

ओळंबा सोडा रं, ओळंबा सोडा,
वाकडी भिंत ती वेळेत पाडा.

आमच्या इंद्रायणी मॅडम कुणाचं सहसा कौतुक करत नाहीत. या दोन ओळी ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. "हेच कर," म्हणाल्या.

मार्चमध्ये आत्याला पुण्याला बोलावलं. आण्यावरून आळेफाटा, तिथून दुसरी एसटी, असं करत ती पहाटे निघून अकराला कॉलेजच्या फाटकाशी आली. पिशवीत माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी. स्टुडिओ आम्हाला दोनच तास मिळाला होता. काचेच्या खोलीत पदरावरून हेडफोन घालून ती उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यातनं मला माझाच आवाज येतोय. मागनं गेणभाऊची ढोलकी असल्याबिगर मी गाऊ कशी?" पण गायली. अशी गायली, की शेजारच्या खोलीतली दोन मुलं दारात येऊन उभी राहिली.

चार कडवी घेतली तर गाणं चार मिनिटांच्या जवळ जात होतं. म्हणून मी आत जाऊन तिला सांगितलं, "आत्या, तीनच कडवी म्हण. तिसरं झालं की धृपदावर थांब."

तिनं हेडफोन एका कानावरून सरकवला. "आन नाव न्हाई घ्यायचं?"

"वेळेत बसत नाही गं. आणि आता नाव गाण्यात घ्यायला लागत नाही. खाली लिहितात. लेखी."

"लेखी," ती म्हणाली. हा शब्द तिला आवडला. "मंग बरंय. लेखी असलं म्हंजी पुसलं जात न्हाई."

आणि ती तीन कडव्यांवर थांबली.

गाणं द्यायच्या दोन दिवस आधी मी फॉर्म उघडला. गीतकार या रकान्यासमोर दोन पर्याय होते. नाव लिहायचं, तर त्यासोबत त्या माणसाचं संमतीपत्र आणि रचनेचा पुरावा जोडायचा होता: हस्तलिखित, छापील प्रत किंवा आधीचं ध्वनिमुद्रण. नाहीतर दुसऱ्या चौकोनात खूण करायची. पारंपरिक. त्याला काहीच जोडावं लागत नव्हतं.

नानांकडं हस्तलिखित कुठून आणू? संमतीपत्रासाठी राजुरीला जाऊन यायचं तर एक अख्खा दिवस जाणार, आणि माझं आवाजाचं काम अर्धवट होतं. मॅडमनी विचारलं होतं, "गाणं कुणाचं आहे हे?" मी म्हटलं, "आमच्याकडं सगळेच गातात, मॅडम." हे खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवतात, तसं मी दोन दिवस वागत होते. शेवटी खूण केली, खाली सही केली. नंतर दुरुस्त करू, असं मनाशी म्हटलं. नंतर कुणी करत नाही.

गाणं चाललं. एप्रिलमध्ये जयंतीला आमच्या भागात जिकडंतिकडं तेच वाजत होतं. लोक आत्याच्या आवाजाचं कौतुक करत होते आणि मला स्टुडिओचं पत्र आलं. एक जुलैपासून रुजू. आई पेढे वाटायला निघाली. नानांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. गाणं कसं वाटलं हे मी त्यांना विचारलं नाही. मला वाटलं, नुसतं ऐकून त्यांना काय कळणार आहे.

मे महिन्यात बुद्धपौर्णिमेला बेल्ह्याच्या विहारात कार्यक्रम होता. सकाळी वंदना, मग गाणी, मग खीरदान. आमची पार्टी आता थकलेली. म्हणून बेल्ह्याच्याच रत्नदीप नावाच्या तरुणानं नवी पार्टी उभी केली होती, ती गाणार होती. नानांचे गुडघे गेलेत, त्यांना पुढं प्लास्टिकची खुर्ची दिली होती. शेजारी सतरंजीवर आमचे जुने ढोलकीवाले गेणभाऊ. मी आणि आत्या बायकांत बसलो होतो.

तिसऱ्या गाण्याला रत्नदीप म्हणाला, "आता सध्या मोबाईलवर गाजत असलेलं पारंपरिक गीत." आणि त्यानं ओळंबा सुरू केलं. चांगला गायला पोरगा. माझ्याच मुद्रणावरून घेतलं होतं, आत्याच्या गळ्यातल्या हरकतींसकट. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसरं संपत आलं तेव्हा मी नानांकडं पाहिलं. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते.

मला कळलं आता काय होणार, आणि मला काहीही करता आलं नाही.

नाना उठले. एक हात खुर्चीच्या पाठीवर, मग तोही सोडला. हात जोडले. रत्नदीपनं धृपद घेतलं, ढोलकीनं आवरतं घेतलं आणि गाणं संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाना हात जोडून तसेच उभे होते, न आलेल्या कडव्यासाठी.

"बसा ना बाबा," वाढपी तरुणांतला एकजण धावत आला. "खीर हितंच आणून देतो तुमाला."

गेणभाऊ खालूनच मोठ्यानं बोलले, "रत्नदीप, आरं हे गानं नानाचं हाय. नावाचं कडवं कुठं टाकलंस?"

रत्नदीप गोंधळला. त्याचा काही दोष नव्हता. "मोबाईलवर तीनच कडवी हायेत, भाऊ. खाली पारंपरिक म्हणून लिव्हलंय. मी सोता वाचलंय."

सगळी मंडळी नानांकडं बघायला लागली. माझ्या शेजारी आत्याचा श्वास मोठा झाला होता. नानांनी माझ्याकडं पाहिलं नाही. सगळ्यांकडं पाहिलं, माझ्याकडं नाही.

"त्याचं बरोबर हाय," ते म्हणाले. "पारंपरिकच हाय ते. माझा पाय आखडला म्हणून मी उठलो व्हतो."

आणि खाली बसले. मग खीर आली, ती त्यांनी खाल्ली.

टेंपोनं घरी आलो. दुपारी नाना ओट्यावरच्या खाटेवर आडवे झाले होते, मी जाऊन पायथ्याशी बसले.

"नाना, तुम्हाला ठाऊक होतं?"

"संघर्षनं वाचून दावलं व्हतं. झाला आसंल महिना." संघर्ष माझा धाकटा भाऊ. "मीच म्हनलं त्याला, गान्याखाली काय लिव्हलंय ते वाच. बेल्ह्याची पोरं तरी नावाचं कडवं म्हनतील असं वाटलं, म्हनून उठलो."

"मग मला बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तू सही करून बसलीस. सही खोटी पडली तर तुला कोन कामावर ठेवंल?" ते छताकडं बघत होते. ते छतही त्यांनीच घातलेलं. "जाऊ दे. इतकी घरं बांदली, मालकाचं नाव लागलं. हेबी येक घर म्हनायचं."

मला रडू फुटलं. मी लहानपणापासून या माणसाच्या तोंडून ऐकत आले होते की गाणं तेवढं माझं, आणि ते तेवढंसुद्धा त्यांनी माझ्या नोकरीसाठी भर मंडळीत सोडून दिलं होतं. तेही पाय आखडला असं सांगून. कुणी रागावलं असतं तर सोसलं असतं. नाना रागावले नाहीत, हेच सोसवेना.

आत्या दारात उभी होती. तिनं मला जवळ घेतलं नाही. "तू लेखी म्हनली व्हतीस," एवढंच म्हणाली आणि आत गेली. संध्याकाळच्या गाडीनं ती आण्याला निघून गेली, जाताना माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला गेले आणि मॅडमना सगळं सांगितलं. शब्द न गाळता.

"तुला कळतंय ना याचा अर्थ? मला हे वर कळवावं लागेल. चौकशी होईपर्यंत गाणं सगळीकडून उतरवतील. स्टुडिओला पण सांगावं लागेल."

"हो."

"ती जागा राहणार नाही."

"हो मॅडम."

"आणि ते गाणं त्यांचंच आहे, याला पुरावा काय?"

"शेवटचं कडवं. त्यात त्यांचं नाव आहे."

"त्याचं मुद्रण?"

"नाही. मीच घेतलं नाही."

हक्कांच्या पेपरात पहिली आलेली मुलगी त्यांच्यासमोर उभी होती. मॅडमनी चष्मा काढून पुसला. "मग घे," म्हणाल्या. "आणि जुन्या पार्टीतल्या दोघांच्या सह्या आण. मी माझ्याकडून जोडून देते. बाकी माझ्या हातात नाही."

गाणं आठवड्यानं उतरलं. मोबाईलवर त्या जागी करडा चौकोन यायला लागला. स्टुडिओनं दोन ओळींचं पत्र पाठवलं आणि जागा वर्गातल्याच एका मुलीला दिली. तिचं काम चांगलं होतं. आईला मी सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पेढे वाटून झालेत गं," आणि भाकरी थापायला बसली.

आत्याला फोन केला. तिनं उचलला नाही. तिसऱ्या दिवशी उचलला. मी म्हटलं, "चारही कडवी घ्यायची आहेत. घरीच." ती म्हणाली, "येते."

कॉलेजातून दोन माईक मागून आणले. रविवारी सकाळी पुढच्या खोलीत मांडले. कॉलेजच्या शिकवणीप्रमाणं पंखा बंद केला, कोंबड्या हाकलल्या, शेजारच्यांना तासभर मोटर लावू नका म्हणून सांगून आले. गेणभाऊ ढोलकी घेऊन आले, आधी कागदावर आत्याच्या सहीखाली आपली सही करून दिली आणि म्हणाले, "सही काय करायची यात, आख्ख्या तालुक्याला ठावं हाय." नानांना आम्ही खाटेवर बसवलं.

"मला कशाला बशिवताय मधी?" ते म्हणाले. "मी का गानार हाय?"

"तुम्ही मंडळीत आहात," मी म्हटलं.

त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

आत्या गायली. स्टुडिओत गायली होती त्यापेक्षा आवाज थोडा बसका होता, मध्ये एकदा धापही लागली. पण मागं गेणभाऊ होते. तिसरं कडवं झालं, धृपद झालं, आणि ती थांबली नाही. नानांकडं वळली, आणि हात जोडून गायला लागली:

राजुरी गावचा गवंडी साधा,
नानासाहेबाचा एवढाच वादा,
चुकलं तिथनं पुन्यांदा जोडा,
ओळंबा सोडा रं, ओळंबा सोडा.

हे कडवं मला चालता-बोलता येण्याआधीपासून पाठ असेल. त्यातली तिसरी ओळ मी त्या सकाळी पहिल्यांदा ऐकली.

माझ्या कानांना हेडफोन होते, त्यामुळं मला सगळं जवळून ऐकू येत होतं. आत्याचं शेवटचं अक्षर. ढोलकीच्या शाईवरून फिरणारा गेणभाऊंचा तळवा. आणि खाट करकरली. नानांनी गुडघ्यावर हात रोवले, एक मोठा श्वास घेतला, खाट पुन्हा करकरली, आणि ते उभे राहिले. गाणं संपेपर्यंत उभे राहिले. मग हळू आवाजात त्यांनी आम्हा तिघांना जयभीम केला, आणि आम्ही त्यांना केला.

"झालं का?" ते बसत म्हणाले. "पंखा लाव मग. लई उकडतंय."

त्याच दिवशी मी फॉर्म पुन्हा भरला. गीतकार: नानासाहेब भागाजी डोळस, राजुरी, ता. जुन्नर. संमतीपत्रावर नानांनी सही केली, त्याला पाच मिनिटं लागली. पुराव्याच्या रकान्यात लिहिलं, चौथं कडवं. सगळं पाठवून दिलं.

चार दिवसांनी मॅडमचा फोन आला. कागद पुढं गेलेत, निर्णयाला वेळ लागेल, गाणं परत येईल की नाही आत्ताच सांगता येत नाही. मग म्हणाल्या, "यशोधरा, मुद्रण चांगलं झालंय. फक्त शेवटच्या कडव्यात मागं कसला तरी लाकूड करकरल्यासारखा आवाज येतोय, दोनदा. तेवढा साफ करून पाठव."

"तो साफ करायचा नाही, मॅडम," मी म्हटलं. "ते गीतकार उभे राहिले."